अल्पजन्मभार बालकाची ग्रहणी आणि डब्यातील दुधातले जिवाणू

नवजात अतिदक्षता विभागातून नुकतेच घरी आलेले, पावणेदोन किलो वजनाचे बालक. आईला दूध कमी. हाती ‘प्रोबायोटिकयुक्त’ असे छापलेला दुधाचा डबा. आणि सोबत आलेल्या आजीचा प्रश्न, ‘वैद्यबुवा, हे पाजावे, की बाळगुटी सुरू करावी?’ हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्याचे उत्तर देताना दोन्ही शास्त्रांचे भान आवश्यक असल्याने प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा थोडक्यात ऊहापोह करीत आहोत.

विषयप्रवेश

जन्मतः 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले बालक अल्पजन्मभार, तर 1500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे अतिअल्पजन्मभार मानले जाते. पूर्ण दिवसांच्या, स्तन्यपान करणाऱ्या बालकाच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंचे प्राबल्य असते. स्तन्यात अशा काही शर्करा असतात की ज्या बालकास स्वतःस पचत नाहीत. त्या या जिवाणूंचेच अन्न होत. अकाली जन्मलेल्या बालकाच्या वाट्यास मात्र प्रतिजैविके, काचपेटी आणि विलंबाने सुरू होणारे स्तन्य येते. त्यामुळे हितकर जिवाणूंच्या जागी रुग्णालयातील जिवाणू वस्ती करतात. आंत्रभित्तीचा कोथ, म्हणजेच नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस हा प्राणघातक विकार याच बालकांत प्रामुख्याने आढळतो.

संशोधन काय सांगते?

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील 1099 अतिअल्पजन्मभार बालकांवरील, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन जिवाणूंचे मिश्रण दिले असता या आंत्रविकाराचे प्रमाण 4.4 टक्क्यांवरून 2.0 टक्क्यांवर आले. याउलट, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह या एकाच जिवाणूपासून काहीही लाभ दिसला नाही. ओडिशातील ग्रामीण भागात 4556 नवजात बालकांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटारम व त्याचे पोषक द्रव्य सात दिवस दिले असता जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9.0 वरून 5.4 टक्क्यांवर आले. परंतु ही बालके 2000 ग्रॅम वा अधिक वजनाची आणि स्तन्यपान सुरू झालेली होती, हे विसरून चालणार नाही.

तात्पर्य, गुण ‘प्रोबायोटिक’ या नावाचा नसून विशिष्ट जिवाणू, त्याची मात्रा आणि बालकाची अवस्था यांचा आहे. एका हरीतकीचे गुण सर्व फळांस लागू करू नयेत, तसेच हे आहे. शिवाय 2023 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, अकाली जन्मलेल्या एका बालकाचा दिलेल्या जिवाणूंच्याच रक्तसंसर्गानंतर मृत्यू झाल्याचे सांगून वैद्यकांना इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 ची शिफारसही मर्यादित आहे: 32 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या व मानवी दुधावर असलेल्या बालकांत प्रोबायोटिकचा विचार करता येईल, इतकीच.

डब्यातील विरोधाभास

दुधाची भुकटी निर्जंतुक नसते. तीत क्वचित क्रोनोबॅक्टर हा जंतू असू शकतो आणि तो अल्पजन्मभार बालकास विशेष घातक ठरतो. म्हणून भुकटी किमान 70 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवून, मग निववून पाजावी असा संकेत आहे. परंतु इतक्या उष्ण पाण्यात भुकटीतील हितकर जिवाणूही बहुतांशी मरतात. ते जगावेत म्हणून कोमट पाणी वापरावे, तर घातक जंतूही जगतो. डब्यावरील ‘प्रोबायोटिक’ शब्दापुढे हा प्रश्न प्रत्येक वैद्याने ठेवावा.

शास्त्रदृष्टी

काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात कोणत्या बालकास लेह द्यावा व कोणास देऊ नये याचा विचार आहे. त्यात मंदाग्नी बालकास अलेह्य म्हटले आहे. अकाली जन्मलेल्या बालकाचा अग्नी मंदच असतो असे आम्ही मानतो. म्हणून अशा बालकास बाळगुटी, मध वा ताक चाटविणे शास्त्रास धरून नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकत असल्याने आधुनिक शास्त्रही एक वर्षाच्या आत तो वर्ज्य मानते. स्तन्याभावी लघुपंचमूलसिद्ध अजादुग्ध किंवा गोदुग्ध वाग्भटाने सांगितले आहे; परंतु आज अल्पजन्मभार बालकासाठी त्याहून सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत.

वैद्याचे कर्तव्य

प्रथम स्तन्य वाढवावे. आईस धीर, पुरेसा आहार व विश्रांती द्यावी. दूध वारंवार काढावयास व वाटी-चमच्याने पाजावयास शिकवावे. बालकास छातीशी उघड्या अंगाने धरण्याची कांगारू पद्धत सांगावी. आईचे दूध न मिळाल्यास दुग्धपेढीतील दान केलेले दूध हा दुसरा पर्याय होय. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये आशियातील पहिली अशी पेढी सुरू झाली. डब्याचे दूध त्यानंतर, तेही बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच. जिवाणूंची पुडीही आपण स्वतंत्रपणे सुरू करू नये.

पोट फुगणे, हिरवी वांती, मलात रक्त, दूध न ओढणे, अंग थंड पडणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास चूर्णकल्पाचा विचार न करता बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. येथे काही तासांचा विलंबही बालकाच्या जिवावर बेतू शकतो.

आजीस उत्तर देताना आम्ही म्हणतो, ‘आजी, बाळाचा अग्नी अजून कोवळा आहे. त्यास आईचे दूध हीच गुटी.’