सातबाऱ्यावर बोजा चढण्याआधी

देवपूर, धुळे

चि. सोनूस,


परवा चोपड्याला हळदीच्या पंगतीत तुझ्या आईची मावसबहीण माझ्या पानात बट्ट्या चुरता चुरता म्हणाली, "तुमच्या सोनूचं पक्कं झालं म्हणे. फार्मसी अन् बायोमेडिकल, दोन्ही एकदम. दोन वर्षं इथं, दोन वर्षं परदेशात, हातात दोन डिग्र्या!" मला आनंदच झाला. मग ती वरण वाढत म्हणाली, पन्नास हजार भरून झाले, आणि बाकीच्यासाठी अण्णा, म्हणजे तुझे पप्पा, विहिरीजवळचा तुकडा बँकेला लावतो आहे. त्यानंतर माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

हे मला पंगतीत कळावं? चौथीत असताना खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल अक्षर अक्षर लावून मला फोन करणारी तू. छत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीत काढली, आणि घरातली मुलगी फार्मसीला निघाली तर तिनं नाशिकच्या कुठल्याशा एजंटला विचारावं, आत्याला नाही! पप्पांनी सांगू नको म्हटलं असेल. का म्हटलं असेल, तेही मला ठाऊक आहे. त्याकडे येते.

आधी एकच विचारते. तो अभ्यासक्रम झाल्यावर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरवर तुझं नाव चढेल का? पप्पांच्या सातबाऱ्यावर बोजा तर लगेच चढेल. रजिस्टरचं काय, हे मला कोणी सांगत नाही.

गेले तीन दिवस मी कागद काढून बसले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या मे महिन्यात परदेशी विद्यापीठांबरोबरच्या पदव्यांचे नियम काढले. जॉइंट डिग्रीत दोन्ही संस्था मिळून अभ्यासक्रम ठरवतात, प्रत्येकीकडे निदान ३० टक्के क्रेडिट्स पूर्ण करायचे असतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं एकच, दोघींच्या नावाचं. ड्युअल डिग्रीत दोन प्रमाणपत्रं मिळतात खरी, पण दोन वेगळ्या विषयांच्या दोन पदव्या एकदम घेणं असा तिचा अर्थ नाही, हे त्याच नियमात लिहिलं आहे. मग एजंटनं 'जॉइंट' म्हणायचं आणि फार्मसीची एक, बायोमेडिकलची एक अशा दोन डिग्र्या दाखवायच्या, हे जुळतं कसं? एक तर त्या माणसाला कळलेलं नाही, नाहीतर तुला कळू नये असं त्याला वाटतं. परदेशी विद्यापीठाची फ्रँचायझी म्हणून कोणी इथं वर्ग चालवत असेल तर तेही या नियमांत बसत नाही.

आणि आयोगानं मान्य केलं तरी फार्मसीचं घोडं तिथं थांबत नाही. आमचा कायदा १९४८ चा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं त्या कॉलेजातला तो अभ्यासक्रम मान्य केलेला असावा लागतो. परदेशात मिळालेली फार्मसीची पदवीही इथं आपोआप चालत नाही, कौन्सिलनं ती मान्य करावी लागते. रजिस्टरवर नाव नसेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर साधं पॅरासिटामॉलसुद्धा तुला हातानं देता येणार नाही, मग डिग्रीला सोन्याची चौकट करा. मान्य कॉलेजांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. तुझ्या कॉलेजचं नाव तिथं बघितलंस का? तू स्वतः बघितलंस का, की एजंटनं त्याच्या मोबाइलवर दाखवलं?

परदेशातच राहीन म्हणशील. राहा की. पण तिकडेही दारं वेगवेगळी आहेत. इंग्लंडमध्ये फार्मासिस्टची नोंदणी एका परिषदेकडे आणि बायोमेडिकल सायंटिस्टची दुसऱ्याच परिषदेकडे. एकीच्या नोंदणीवर दुसरीचं काम करता येत नाही. अमेरिकेत २००३ पासून पुढे पास झालेल्या बाहेरच्या फार्मासिस्टचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा नसेल तर परीक्षेच्या दारातच अडवतात. म्हणून आपली चार वर्षांची बी.फार्म. झालेली मुलं तिथं अडकतात आणि सहा वर्षांची फार्म.डी. झालेली अर्ज करू शकतात. तुझे दोन अधिक दोन म्हणजे चारच होतात ना? हे कोणी सांगितलं तुला?

आता ते पप्पांचं.

१९८७ साली मी फसले, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. तू ऐकलं आहेस ते अर्धं. डी.फार्म. झालं होतं आणि मला प्रयोगशाळेचं वेड लागलं होतं. एका खासगी संस्थेचा वर्षाचा कोर्स होता, 'सरकारमान्य' म्हणून जाहिरात होती. फी चार हजार. फेडरेशनला घातलेल्या कापसाचे पैसे आले होते, ते बाबांनी रुमालात बांधून तसेच माझ्या हातात दिले. वर्षभर मी मन लावून शिकले. प्रमाणपत्र मिळालं, कडेला सोनेरी वेल, खाली जांभळा गोल शिक्का, एका बाजूनं फाकलेला. भरतीच्या खिडकीतल्या कारकुनानं ते उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "बाई, हा कागद चालत नाही." रांगेत मागे माणसं होती. मी कागदाची घडी घातली आणि बाजूला झाले.

हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की त्याच वर्षी अण्णा दहावी झाला. गणितात वर्गात पहिला होता. जळगावला एम. जे. कॉलेजात सायन्सला जायचं म्हणून त्यानं शेजारच्याकडून पत्र्याची पेटीही मागून आणली होती. बाबा म्हणाले, औंदा पैसा नाही, पुढच्या साली बघू. पुढच्या साली कोणी विषय काढला नाही. पेटी परत गेली. अण्णा केळीत उतरला तो आजतागायत. त्यानं मला कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि मीही कधी त्याच्यासमोर हे बोलले नाही. आता तो तुझ्यासाठी जमीन लावायला निघाला आहे आणि मला सांगू नको म्हणतो. माझ्या जुन्या जखमेला धक्का लागू नये म्हणून सांगत नाही, एवढं मी त्याला ओळखते. त्यानं एकदा एका कागदापायी शिक्षण सोडलं, सोनू. दुसऱ्या कागदापायी त्याची विहीर जाऊ नये. म्हणून मी रजिस्टर रजिस्टर करत बसले आहे.

पण खरं सगळंच सांगते. माझं जास्त नुकसान त्या फसवणुकीनं नाही झालं, त्यानंतरच्या भीतीनं झालं. १९९२ ला शिरपूरला आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज निघालं. तुझे मामाजी, म्हणजे माझे यजमान, स्वतः चौकशी करून आले, फॉर्म आणला, रजा काढ म्हणाले. धुळ्याहून तापीचा पूल ओलांडला की शिरपूर. मान्यतेचा प्रश्न नव्हता, पैशाचा नव्हता. मी फॉर्म समोर घ्यायची आणि मला तो जांभळा शिक्काच दिसायचा. शेवटची तारीख गेली. मामाजी काही बोलले नाहीत, तो फॉर्म त्यांनी पंचांगात ठेवून दिला.

आणि तुझा विषय वेडेपणाचा आहे असं मला मुळीच वाटत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी सातपुड्याच्या पायथ्याशी होते. मलेरियाचे दिवस. रक्तात व्हायव्हॅक्स निघाला की तेव्हा प्रायमाक्विन पाच दिवस, यकृतात दडून बसलेला जंतू मारायला. शेकडो लोकांना मी त्या गोळ्या मोजून दिल्या. एक पावरा मुलगा, आठ-नऊ वर्षांचा, चौथ्या दिवशी आईच्या खांद्यावर आला. डोळे पिवळे, आणि आई बाटलीत त्याची लघवी घेऊन आलेली, काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी गोळी लगेच बंद केली, मुलगा वाचला. रात्री त्यांनी मला समजावलं, काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम कमी असतं, जास्त करून मुलग्यांत. त्यांना ही गोळी दिली की तांबड्या पेशी फुटतात. गोळी तीच, मात्रा बरोबर. माझी मोजणी चुकली नव्हती. मला गोळी माहीत होती, रक्त माहीत नव्हतं. ती बाई खिडकीशी उभी राहून विचारत होती, "गोळी तर तूच दिधी ना, बाई?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याच त्या पट्ट्यात सिकलसेल आहे. २०२३ च्या जुलैत केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल पेशीत काय करते हे कळणारं आणि ती रोज न चुकता घ्यायला पावरी बाईला तिच्या बोलीत पटवणारं माणूस एकच असलं तर! औषध आणि रक्त दोन्ही शिकायचं तुझ्या मनात आलं, ते बरोबर आलं. मला जे जमलं नाही तेच तू मागते आहेस, म्हणून मी इतकी कासावीस झाले.

तेव्हा एवढं कर. दुसरा हप्ता थांबव. दोन्ही विद्यापीठांतला करार, आयोगाचा कागद, कौन्सिलचा कागद, तिन्ही एजंटकडून नको, त्या त्या संस्थेला स्वतः पत्र पाठवून मागव. कागद खरे निघाले तर जा, मी आडवी येणार नाही. खोटे निघाले तर बी.फार्म. इथं कर आणि पुढचं बाहेर शिक. चार वर्षांनी विमानं बंद होणार नाहीत. आणि कसंही ठरलं तरी विहिरीजवळचा तुकडा लावायचा नाही. माझे ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडून आहेत. अण्णा घेणार नाही, ठाऊक आहे. त्याला मी सांगते. अडतीस वर्षं सांगायचं राहिलं, तेही त्यातच सांगते.

पत्राच्या सुरुवातीला फार बोलले. तुला एकटीला दूर जाऊन कोणा खिडकीसमोर घडी केलेला कागद घेऊन उभं राहावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं. परदेशात गेलीस तर थंडीचं काय करशील, तुला तर डिसेंबरात यावलच्या मळ्यातही दोन गोधड्या लागतात. जेवण वेळेवर घेशील ना? कळण्याचं पीठ मी दळून ठेवीन.

आखाजीला मी येतेच आहे. तो जांभळ्या शिक्क्याचा कागद घेऊन येते, तुला दाखवायला. पप्पांना सांग, अंगणातल्या निंबाला झोका बांधून ठेवायला. दोर नवा घ्यायला सांग, आपण दोघी बसणार आहोत.

तुझी
आत्या