माहितीचे मोल : गुप्तता, दिशाभूल आणि माहितीचा महापूर

विदर्भाच्या आग्नेय टोकास, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ सिरोंचा हे तालुक्याचे गाव आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले गडचिरोली येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. नदीपलीकडे तेलंगण, तर तालुक्याच्या पूर्वेस छत्तीसगड. येथील बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा ऐकू येतात. साहजिकच एखादी बातमी येथे पोहोचते तेव्हा ती अनेक मुखांतून आणि अनेक भाषांतून फिरून आलेली असते.

हेरगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर परदेशच्या राजधान्या, सांकेतिक लिपी आणि बिनतारी यंत्रे उभी राहतात. परंतु माहिती मिळविणे, ती दडविणे, खोटी माहिती पसरविणे आणि माहितीच्या गर्दीत खरी गोष्ट हरविणे या चारही गोष्टी चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाने प्रत्यक्ष अनुभवल्या आहेत. म्हणूनच या विषयाचा अभ्यास केवळ लष्करी अधिकाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही. ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाही त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

१८५८ चा धडा

१८५८ साली चांदा जिल्ह्यात बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव केला. त्या वर्षी २९ एप्रिल रोजी उठाववाल्यांनी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे असलेल्या तारखात्याच्या तळावर हल्ला केला. तार हे त्या काळचे सर्वांत वेगवान संदेशसाधन होते. सत्तेचा एक हात बंदुकीवर असतो, तर दुसरा बातमीवर, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुढे काय घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. या दाट अरण्यात बाबूरावांना केवळ सैन्याच्या बळावर पकडणे इंग्रजांना साधले नाही. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर दडपण आणले आणि त्यांच्या माणसांकरवी बाबूराव इंग्रजांच्या हाती आले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरमध्ये गेले. परंतु १८६० मध्ये बस्तरच्या राजानेच त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले. दोघांच्याही बाबतीत निर्णायक ठरले ते घरभेदीपण. हेरगिरीच्या इतिहासात कितीही यंत्रे आली, तरी जवळच्या माणसाकडे असलेल्या माहितीइतके धारदार शस्त्र दुसरे निघालेले नाही.

गुप्ततेची किंमत

१९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातील सशस्त्र नक्षलवादी गट प्राणहिता ओलांडून सिरोंचा परिसरात आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हा प्रश्न नव्या जिल्ह्याला जणू वारशानेच मिळाला. त्यानंतरच्या चार दशकांतील हा संघर्ष बव्हंशी माहितीचा संघर्ष होता. पोलिसांना दलमची वाट हवी होती, दलमला पोलिसांची. दोघांनाही ती सांगू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे गावकरी.

या ओढाताणीत ‘खबऱ्या’ हा शब्द प्राणघातक ठरला. पोलिसांना माहिती दिल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी या जिल्ह्यात अनेक सामान्य आदिवासींची हत्या केली. त्यांत गावचे पोलीस पाटीलही होते. येथे ‘संशय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जेथे सर्व व्यवहार गुप्त असतो, तेथे आरोपाची शहानिशा करण्याची सोय उरत नाही. जुने वैर, जमिनीचा तंटा किंवा तालुक्याला वारंवार होणारी एखाद्याची फेरी एवढेही संशयास पुरेसे होते. ज्याच्यावर आरोप येतो त्याला साक्षीदार आणता येत नाही, की अपील करता येत नाही.

गुप्तता ही राज्यकारभाराची गरज आहे, हे नाकारता येणार नाही. शोधमोहिमेची वेळ किंवा माहिती देणाऱ्याचे नाव उघड करणे म्हणजे माणसाचा जीव धोक्यात घालणे होय. परंतु याच कारणास्तव जे गुप्त ठेवण्याजोगे नाही, ते उघड ठेवणे तितकेच आवश्यक ठरते. गावात सर्वेक्षणासाठी कोण आले, रस्ता कोठून जाणार, कोणाचे घरकुल मंजूर झाले, ही माहिती फलकावर असेल, तर ती सांगणारा कोणी ‘खबऱ्या’ ठरत नाही. ग्रामसभेत सर्वांसमक्ष झालेला ठराव ही गावाची गोष्ट असते, एकट्याचे गुपित नसते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मागील विचारही हाच आहे. या कायद्याच्या कलम ४ अन्वये शासकीय कार्यालयांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. कलम २४ ने केंद्रीय गुप्तवार्ता यंत्रणांना सूट दिली असली, तरी भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीच्या आरोपांसंबंधीची माहिती त्या सुटीतून वगळलेली आहे.

दिशाभुलीचे शास्त्र

खोटी बातमी पेरणे हे हेरगिरीचे जुने अंग. १९४३ साली ब्रिटिशांनी एका मृतदेहास लष्करी अधिकाऱ्याचा पोशाख चढविला आणि बनावट कागदपत्रांसह तो स्पेनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडला. दोस्तसैन्य ग्रीस आणि सार्डिनिया येथे उतरणार असल्याचे त्या कागदांवरून सूचित होत होते. जर्मनांनी त्यावर विश्वास ठेवला आणि प्रत्यक्षात जुलै महिन्यात हल्ला झाला तो सिसिलीवर. यातील बोध असा की, यशस्वी खोटी बातमी ही ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या समजुतीला धरून रचलेली असते. जे आपल्याला खरे वाटावेसे वाटते, तेच आपण कमी तपासतो.

यावर गुप्तवार्ता विभागांनी एक साधी पद्धत रूढ केली. माहिती आणणारा किती विश्वसनीय आहे, यास अक्षराची श्रेणी द्यावयाची; आणि ती माहिती स्वतः कितपत संभवनीय आहे, यास अंकाची. हे दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे घ्यावयाचे. भला माणूसही ऐकीव बातमी आणू शकतो आणि अविश्वासू माणूसही कधी खरे सांगून जातो, हे या पद्धतीत गृहीत धरलेले आहे.

माहितीचा महापूर

जुन्या काळी अडचण होती माहितीच्या दुर्मिळतेची. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीच्या बाजूस आला. कुंजपुऱ्याच्या विजयानंतर उत्तरेकडे असलेल्या सदाशिवरावभाऊंना याचा सुगावा वेळेवर लागला नाही आणि त्याचे पर्यवसान पानिपतात झाले. आधुनिक काळात अडचण उलटी आहे. १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा अभ्यास करून रॉबर्टा वोलस्टेटर या विदुषीने १९६२ साली दाखवून दिले की, अमेरिकेकडे पूर्वसूचना नव्हत्या असे नव्हे. निरर्थक सूचनांच्या गलक्यात अर्थपूर्ण सूचना बुडून गेल्या होत्या.

आपल्याकडे १९९९ च्या कारगिल संघर्षानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विविध यंत्रणांमधील माहितीच्या देवाणघेवाणीतील उणिवांवर बोट ठेवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीसमोरही हेच चित्र आले. सागरी मार्गाने हल्ला होण्याच्या सूचना अगोदर येऊन गेल्या होत्या. परंतु त्या एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावण्यात व्यवस्था कमी पडली. माहिती गोळा करणे आणि माहिती समजणे, ही दोन भिन्न कामे आहेत.

आपल्या पातळीवर

सिरोंचासारख्या तालुक्यात हा प्रश्न पावसाळ्यात घरोघर येतो. जुलै २०२२ मध्ये प्राणहिता आणि गोदावरी यांना मोठा पूर आला आणि नदीकाठच्या गावांना स्थलांतर करावे लागले. अशा वेळी भ्रमणध्वनीवर क्षणाक्षणाला संदेश येतात. काही खरे, काही जुने, काही अन्य ठिकाणचे. खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर माणसे बुडतात. खोट्या इशाऱ्यांनी वारंवार धावपळ झाली तर पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

म्हणून प्रत्येक संदेशाला चार प्रश्न विचारण्याची सवय कार्यालयात आणि शाळेत लावता येईल. हे कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? केव्हाची गोष्ट? दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने दुजोरा मिळतो काय? शिक्षकांना वर्गात एकच बातमी तीन भाषांतून फिरवून तिचे शेवटी काय होते, हा प्रयोग सहज करून दाखविता येईल. ग्रामपंचायतीने अधिकृत सूचनेसाठी एकच फलक आणि एकच जबाबदार व्यक्ती निश्चित केली, तर अफवेला आपोआप आळा बसतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचा आवाज कमी होत असताना गावागावांत मुरलेला संशय मात्र तितक्या सहज जात नाही. ज्या घरातील माणूस ‘खबऱ्या’ म्हणून मारला गेला, त्या घराला तो निर्दोष होता हे सांगण्याची संधी कधी मिळाली नाही. उघड कारभार, तपासलेली बातमी आणि शब्द उच्चारण्यापूर्वी केलेला विचार, एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या तर तशी वेळ पुन्हा कोणावर येणार नाही. माहितीचे मोल ती किती आहे यावर ठरत नसून, ती किती खरी आहे आणि कोणाच्या कामी येते यावर ठरते.