कारखान्यातील प्लॅस्टिक भंगार : आधी वर्गवारी, मग भाव

आपल्या समाजातील अनेक बंधू भंगाराच्या धंद्यात आहेत. मुंबईत धारावीचे तेरा कंपाऊंड असो किंवा भिवंडीची गोदामे, प्लॅस्टिक निवडणे, दळणे आणि त्याचा दाणा करणे या कामावर हजारो घरांची रोजी चालते. पण जे बंधू स्वतः मोल्डिंग मशीन चालवतात, पाइप किंवा पिशव्या काढतात, ते आपल्याच शेडमधील भंगार विकताना निष्काळजी असतात, असा आमचा अनुभव आहे. महिनाअखेर गोण्या भरल्या की जो पहिला टेम्पोवाला येईल त्याला ‘सगळे उचल’ म्हणून देऊन टाकायचे आणि भाव कमी मिळाला म्हणून नशिबाला दोष द्यायचा. या लेखात आपण हा व्यवहार नीट समजून घेऊ.

मूळ नियम

मिश्र मालाला त्यातील सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. याला कारण आहे. पॉलिप्रॉपिलीन (पीपी) आणि एबीएस एकत्र वितळले तरी एकजीव होत नाहीत; त्यापासून काढलेली वस्तू पापुद्रे सुटून मोडते. पीव्हीसीचे तुकडे पेट प्लॅस्टिकमध्ये गेले तर त्याहून वाईट. पेट वितळण्याइतकी उष्णता दिली की पीव्हीसी जळते, आम्लाची वाफ सोडते आणि सगळा घाणा काळवंडतो. मशीनचा स्क्रूही खराब होतो. म्हणून दाणा करणारा व्यापारी ही सारी जोखीम आधीच भावातून कापून घेतो.

हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा महिन्याला 400 किलो भंगार निघते. त्यात 300 किलो स्वच्छ पांढरा पीपी आणि 100 किलो मिश्र माल आहे. मिश्र मालाचा भाव 18 रुपये आणि स्वच्छ पीपीचा 50 रुपये धरू. सर्व एकत्र विकल्यास 7,200 रुपये येतील. वेगवेगळे विकल्यास 15,000 आणि 1,800 मिळून 16,800 येतील. फरक 9,600 रुपयांचा आहे. छोट्या शेडमध्ये एवढ्यात महिन्याच्या विजेच्या बिलाला चांगला हातभार लागतो.

वर्गवारी मशीनपाशीच करा

गोणी भरल्यानंतर निवडायला बसणे म्हणजे दुप्पट मजुरी. रनर मशीनमधून पडतो तेव्हा तो कोणता माल आहे हे ऑपरेटरला ठाऊक असते. गोदामात गेल्यावर ते कोणालाच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक मशीनजवळ स्वतंत्र पिंप ठेवावे आणि त्यावर मालाचे नाव, रंग व शक्य असल्यास ग्रेड लिहावी. रनर, रिजेक्ट वस्तू आणि लंप वेगळे ठेवावेत. जमिनीवरचा झाडलेला कचरा या पिंपांत कधीही टाकू नये.

रंग किंवा माल बदलताना जो लंप निघतो तो गरम असतानाच पत्र्यावर पसरून चपटा करावा. जाड गोळा ग्राइंडरमध्ये जात नाही, करवतीने कापावा लागतो आणि तो खर्च आपल्याच भावातून वजा होतो.

माल ओळखण्याच्या सोप्या रीती

जुना माल पडून असेल आणि ओळख पटत नसेल तर पुढील कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी पाण्याची. बादलीत पाणी घेऊन साबणाचे दोन थेंब टाकावेत, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. पीपी, एलडी आणि एचडी तरंगतात. एबीएस, पॉलिस्टायरीन, नायलॉन, पेट व पीव्हीसी बुडतात. बुडालेले तुकडे मग मिठाच्या पाण्यात टाकावेत. एक लिटर पाण्यात पाव किलो मीठ पुरे. त्यात एबीएस व पॉलिस्टायरीन वर येतात, पेट व पीव्हीसी तळाशीच राहतात. एक सावधगिरी मात्र ठेवावी. टाल्क किंवा काच भरलेला पीपी साध्या पाण्यातही बुडू शकतो.

दुसरी कसोटी नखाची. एलडीवर नखाचा ओरखडा सहज उठतो, पीपीवर तसा उठत नाही.

तिसरी कसोटी तांब्याच्या तारेची. तार ज्योतीवर लाल करून तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर मालात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. ही परीक्षा उघड्यावर आणि अगदी लहान तुकड्यावर करावी. पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही पीपीचा एक लॉट विकला. चार दिवसांनी घेणाऱ्याचा निरोप आला की ग्राइंडरचे पाते तुटले, मालात पितळ निघाले. आम्ही साफ नाकारले. भाव पाडण्याची ही जुनी युक्ती आहे असे आम्हांस वाटले आणि तोंडातून दोन शब्द जास्तही गेले. रात्री सहज म्हणून शेडमध्ये उरलेली गोणी उपडी केली. तळाशी आमच्याच एबीएस मुठींचे पितळी इन्सर्ट होते. पोऱ्याने शेड झाडून कचरा त्याच गोणीत भरला होता. पोऱ्याला तरी काय म्हणणार? वेगळे पिंप आम्हीच ठेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली आणि पात्याचे पैसे दिले. ते गृहस्थ आजही आमचा माल घेतात आणि आता गोणी न उघडता घेतात. दोष लपवून विकलेल्या मालात बरकत नसते हे लहानपणापासून ऐकत होतो. ते त्या रात्री खऱ्या अर्थाने समजले.

दळून विकावे की तसेच?

दळलेल्या मालाला भाव अधिक मिळतो. परंतु नवा गिऱ्हाईक दळलेला माल घ्यायला कचरतो, कारण त्यात काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुरुवातीला रनर तसेच विकावेत आणि विश्वास बसल्यावर दळून द्यावेत. प्रत्येक लॉटमधून अर्धा किलो नमुना काढून दोघांच्या सहीने बंद करून ठेवावा. पुढे वाद झालाच तर नमुना बोलेल.

रिजेक्ट वस्तूंवर कंपनीचे नाव वा छाप असेल तर त्या फोडूनच विकाव्यात. अखंड विकल्यास त्या बाजारात नव्या म्हणून फिरतात आणि बोट आपल्याकडे येते.

भाव, वजन आणि पैसा

भंगाराचा भाव नव्या दाण्याच्या भावामागे चालतो. नवा दाणा स्वस्त झाला की भंगार घेणारे हात आखडतात. म्हणून सौद्यापूर्वी त्या दिवसाचा नव्या दाण्याचा भाव विचारावा आणि किमान तिघांकडून बोली घ्यावी. भाव वाढेल या आशेने माल महिनोन्‌महिने उन्हात ठेवू नये. उन्हाने पीपी ठिसूळ होतो, आणि गोण्यांच्या ढिगाला आग लागली तर शेडही वाचत नाही.

वजन आपल्या काट्यावर करावे. मोठी गाडी असेल तर रिकाम्या व भरलेल्या गाडीच्या दोन्ही काटापावत्या घ्याव्यात. आपणही ओला माल कोरड्याच्या भावाने देऊ नये. नव्या गिऱ्हाइकाला उधारी नको; पैसे जमा झाल्यावरच गाडी सोडावी.

कायद्याच्या गोष्टी

प्लॅस्टिक भंगारावरील जीएसटी ऑक्टोबर 2021 पासून 5 टक्क्यांवरून 18 टक्के करण्यात आला. बिलाविना विकण्याचा मोह त्यामुळे वाढला आहे. परंतु नोंदणीकृत घेणाऱ्याला या कराची वजावट मिळते, म्हणून चांगला गिऱ्हाईक बिलच मागतो. माल राज्याबाहेर जात असेल आणि त्याची किंमत 50 हजारांहून अधिक असेल तर ई-वे बिल लागते. प्लॅस्टिकवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने 2016 च्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. ती आहे की नाही ते विचारावे.

रसायनांचे रिकामे ड्रम व कॅन साध्या भंगारात देऊ नयेत. ते घातक कचऱ्यात मोडतात आणि परवानाधारकालाच द्यावे लागतात. असा ड्रम कोणी तरी धुऊन पाण्यासाठी वापरील, हा विचारही मनात असू द्यावा.

जॉबवर्क करणाऱ्यांसाठी

शेवटची बाब सर्वांत नाजूक. दाणा पार्टीचा असेल तर त्याचा रनर कोणाचा? तसे ठरलेले नसेल तर तो आपला नाही, अमानत आहे. अनेक बंधू तो आपला समजून विकतात आणि पुढे वजनाच्या हिशेबात अडकतात. म्हणून काम घेतानाच चिठ्ठीवर लिहून घ्यावे: दाणा किती आला, घट किती टक्के धरली, भंगार कोणाचे. कायद्याने नोंदणीकृत जॉबवर्कर असे भंगार कर भरून आपल्या जागेवरून विकू शकतो. नोंदणी नसेल तर ते काम पार्टीचे. पण मालकी कोणाची, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे आपला करार.

उद्या सकाळी शेड उघडताच मशीनगणिक एक पिंप आणि त्यावर एक चिठ्ठी, एवढ्यापासून सुरुवात करावी. महिनाअखेर हिशेब मांडाल तेव्हा फरक आपल्या वहीतच दिसेल, इन्शाअल्लाह.