जहाजाचा पेट्रोल पंप आणि जहाजाची घंटागाडी



आपल्या वडगाव निंबाळकरपासून समुद्र दोनेकशे किलोमीटर लांब. आपल्याला पाणी म्हणजे नीरेचा डावा कालवा, नाहीतर विहीर. तरी बारामतीची द्राक्षं, इंदापूरची डाळिंबं आणि केळी थंड कंटेनरमध्ये बसून न्हावा-शेव्याला जातात आणि तिथून जहाजाने परदेशात. भूगोलाच्या धड्यात बंदरांची नावं आपण पाठ करतो. पण एक साधा प्रश्न राहून जातो. वीस-पंचवीस दिवस सलग चालणारं जहाज तेल कुठं भरतं? आणि एवढ्या दिवसांचा त्याचा कचरा कोण नेतं? प्रश्न दोन दिसतात, पण ती एकाच वहीची डावी-उजवी पानं आहेत. आज ही वही उघडून पाहू.

जहाजात तेल भरण्याला बंकरिंग म्हणतात. पूर्वी आगबोटी कोळशावर चालत, आणि कोळसा साठवायच्या कोठाराला बंकर म्हणत. कोळसा गेला, नाव राहिलं. आता त्या जागी असतं फर्नेस ऑइल, म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून झाल्यावर तळाशी उरणारं जड, काळं तेल. थंड झालं की ते काकवीसारखं घट्ट होतं. म्हणून जहाजावर ते आधी गरम करून पातळ करतात, फिरत्या यंत्रातून गाळतात आणि मगच इंजिनात सोडतात. हा गाळण्याचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भरायचं कसं? ऊसतोडणीच्या हंगामात फडात उभं असलेलं तोडणी यंत्र कुणी डिझेलसाठी पंपावर नेतं का? कॅन किंवा टाकी घेऊन माणूसच फडात जातो. जहाजाचंही तेच. बंदराच्या धक्क्यावर उभं राहण्याचे पैसे वेळेप्रमाणे मोजावे लागतात, आणि पाळी येईपर्यंत जहाज बाहेर नांगर टाकून थांबलेलंच असतं. मग तिथंच तेलाचा बार्ज त्याच्या कुशीला येऊन लागतो. बार्ज म्हणजे तरंगता टँकर समजा. मध्ये रबराचे मोठे फेंडर टाकतात, दोर बांधतात, जाड होज जोडतात. जहाजाच्या डेकवरचं पावसाचं पाणी समुद्रात जायची जी भोकं असतात ती आधी बुचांनी बंद करतात, कारण चुकून तेल सांडलंच तर ते डेकवरच अडलं पाहिजे. दिवसा लाल झेंडा, रात्री लाल दिवा. पंप सुरुवातीला हळू चालवतात, गळती नाही ना बघतात, मग वेग वाढवतात आणि टाकी भरत आली की पुन्हा हळू.

किती तेल? थोडं गणित करू. मोठ्या जहाजाने एका वेळी २००० टन घेतलं असं धरा. या तेलाची घनता साधारण ०.९६, म्हणजे हे झालं जवळपास २०८३ किलोलिटर. रस्त्यावरचा टँकर २० किलोलिटरचा धरला तर शंभराहून जास्त टँकर एकाच जहाजात! आपल्या नीरा-बारामती रस्त्यावर एवढे टँकर एकामागे एक उभे करून बघा, मनातल्या मनात.

एवढा माल असला की मापात पाप आलंच. तेल तापलं की फुगतं, दर अंश सेल्सिअसला साधारण दहा हजारांत सात भाग. मोजताना तापमान १० अंशांनी चुकीचं लिहिलं तर १००० टनांमागे ७ टनांचा फरक पडतो. हा फरक कुणाच्या तरी खिशात जातो. दुसरी युक्ती आणखी भारी: तेल चढवताना त्यात हवा सोडायची. फेस येतो, टाकीतली पातळी वर दिसते, आणि काही तासांनी फेस बसला की पातळी खाली. जहाजावरची माणसं याला ‘कॅपुचिनो’ म्हणतात, त्या फेसाळ कॉफीवरून. (पेट्रोल पंपावर ‘शून्य बघा’ म्हणतात ना, त्याचा हा मोठा भाऊ.) जगात सगळ्यात जास्त बंकरिंग सिंगापूरला होतं, वर्षाला पाच कोटी टनांच्या वर. तिथे १ जानेवारी २०१७ पासून फर्नेस ऑइल देणाऱ्या बार्जवर तेलाचं वस्तुमान मोजणारा मीटर सक्तीचा केला. आकारमान आणि वस्तुमान यातला फरक सातवीत शिकताना ‘याचा उपयोग काय’ असं विचारणाऱ्यांनी हे ऐकावं.

तेल देऊन झालं की बार्जवाला पावती देतो. ती जहाजावर तीन वर्षं जपावी लागते. त्याच तेलाचा नमुना बाटलीत भरून सील करतात आणि तोही किमान बारा महिने ठेवतात. कारण तेलात गंधक किती, यावर जगभर कायदा आहे. १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्के केली. गंधक जळून होणाऱ्या वायूमुळे बंदराजवळच्या वस्त्यांना श्वासाचे आजार होतात, म्हणून.

आता वहीचं दुसरं पान. मघाशी म्हटलं की तेल गाळतात. गाळल्यावर जे उरतं तो गाळ, इंग्रजी शब्द स्लज. जळणाऱ्या तेलाच्या साधारण एक ते दीड टक्का धरा. शिवाय इंजिनरूमच्या तळाशी गळलेलं पाणी आणि तेल एकत्र साचतं, त्याला बिल्ज म्हणतात. तेल जळणार म्हटल्यावर गाळ होणारच, त्यात टाळाटाळ नाही. हे समुद्रात सोडता येत नाही. १९७३ आणि १९७८ साली झालेला ‘मारपोल’ करार २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू आहे. त्याप्रमाणे बिल्जचं पाणी यंत्रातून वेगळं करून त्यात तेल दहा लाखांत पंधरा भागांपेक्षा कमी असेल तरच चालत्या जहाजातून बाहेर सोडता येतं. गाळ मात्र जहाजावर जाळायचा, नाहीतर टाकीत साठवून बंदरात द्यायचा. तो न्यायला दुसरा बार्ज येतो, किंवा धक्क्यावर टँकर.

इथे मला एक गोष्ट फार आवडते. गाळ बाहेर काढायच्या पाइपाचं तोंड जगभर एकाच मापाचं असतं. बाहेरचा व्यास २१५ मिलिमीटर, बोल्टची भोकं सहा, प्रत्येक २२ मिलिमीटरची. जहाज जपानी असो की ग्रीक, मुंबईत लागो की रॉटरडॅमला, होज बसतोच. आपल्याकडे दोन कंपन्यांच्या ठिबकच्या नळ्या एकमेकींना बसत नाहीत, हे ज्यांनी बघितलंय त्यांना याचं मोल कळेल.

मग अडचण कुठं येते? तेल घेताना पैसे देऊन काहीतरी हाती लागतं. गाळ देताना पैसे देऊन हाती काहीच लागत नाही. म्हणून काही जहाजांवर रात्री चोरून पाइप जोडतात, यंत्राला बगल देऊन घाण थेट समुद्रात. याला ‘मॅजिक पाइप’ असं नाव पडलंय. २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर नव्यानेच रुजू झालेल्या एका इंजिनिअरने असा पाइप पाहिला आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवलं. २०१६ मध्ये अमेरिकेत त्या कंपनीने गुन्हा कबूल केला, दंड चार कोटी डॉलर. अशी चोरी पकडायला अधिकारी जहाजावरची तेलाची नोंदवही उघडतात. इतकं तेल घेतलं, इतकं जाळलं, तर गाळ इतका हवा. मग बंदरात दिल्याची पावती कुठाय? डावं पान उजव्या पानाशी जुळलं नाही की चोर सापडतो.

आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण घ्या. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं. आता विचार करा, चित्रा तेलवाहू जहाज होतं का? नाही, कंटेनरवाहू होतं. सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीला काळं तेल लागलं, बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली, आणि लोक मासे घेईनात म्हणून कोळी बांधवांचा धंदा बसला. ज्यांनी जहाजात पाय ठेवला नाही, त्यांनी हे भोगलं.

तेलाखेरीज रोजचा कचराही असतोच. वीस-पंचवीस माणसांचं स्वयंपाकघर, डबे, चिंध्या, प्लास्टिक. अन्नाचा बारीक केलेला कचरा किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे टाकता येतो, न केलेला १२ मैलांपलीकडे, तोही जहाज चालू असताना. काही खास समुद्रांत नियम याहून कडक आहेत. प्लास्टिक मात्र कुठंच नाही. जाळलं तर त्याची राखसुद्धा नाही. त्याचीही वेगळी नोंदवही. ओढ्यात कॅरीबॅग टाकणाऱ्या आपल्यापैकी कुणाकडे अशी वही आहे? आणि ती पिशवी कुठे जाते माहीत आहे? मुंबईच्या समुद्रात नाही. ओढ्यातून नीरा, नरसिंहपूरला भीमा, भीमेतून कृष्णा आणि थेट बंगालचा उपसागर. नकाशात बोटाने ही वाट काढून बघा.

गृहपाठ : एक जहाज रोज ८० टन तेल जाळतं. त्यातला १.५ टक्का गाळ होतो. गाळाची टाकी २० टनांची आहे आणि निघताना ती रिकामी होती. प्रवास २५ दिवसांचा. टाकी कितव्या दिवशी भरेल? गाळ जाळायची भट्टी बंद पडली असेल तर चीफ इंजिनिअरपुढे कोणकोणते मार्ग आहेत? त्यातला प्रत्येक मार्ग नोंदवहीत कसा दिसेल, तेही लिहा.