चित्रकलेच्या तासासाठी घडीचे बैठे मेज

एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत चित्रकलेचा तास मागे पडतो, त्याचे कारण पुष्कळदा कागद-रंगांचा अभाव हे नसून जागेचा अभाव हे असते. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. बाके मांडावीत तर चालावयास वाट उरत नाही; न मांडावीत तर मुले जमिनीवर ओणवी होऊन चित्रे काढतात आणि थोड्याच वेळात कंटाळतात. यास्तव काम संपताच मिटून कोपऱ्यात रचून ठेवता येईल असे मेज शाळेतच तयार करणे, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

१. मेज उतरते का असावे?

सपाट जमिनीवरील कागदाकडे मूल तिरप्या नजरेने पाहते. त्यामुळे कागदाचा दूरचा भाग त्यास आखूड दिसतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी ते आकृतीचा वरचा भाग नकळत लांबट काढते. शिक्षकास हा हाताचा दोष वाटतो. वस्तुतः तो बैठकीचा दोष असतो. कागदाची मागची बाजू उचलली की तो डोळ्यांस अधिक समोर येतो, पाठ वाकत नाही आणि खांद्यापासून हात मोकळा फिरतो.

२. साहित्य व मापे

फळी ९ मिमी जाडीच्या प्लायवूडची, ४५ × ६० सेंमी मापाची घ्यावी. तीवर चित्रकलेचा अर्धा ताव (सुमारे ३८ × ५६ सेंमी) व्यवस्थित बसतो. पायांसाठी सामानाच्या जुन्या लाकडी पेट्यांच्या, सुमारे ४ सेंमी रुंद व २ सेंमी जाड रिपा चालतील. मात्र उग्र वासाच्या किंवा तेलकट डाग पडलेल्या रिपा घेऊ नयेत. याखेरीज प्रत्येक मेजास दोन बिजागऱ्या, स्क्रू, खिळे, सरस व थोडी मजबूत दोरी लागेल.

३. कृती

(अ) फळीच्या मागच्या कडेखाली ६० सेंमी लांबीची रीप सरस व खिळे लावून पक्की बसवावी. स्क्रू धरण्यास ९ मिमी जाडी अपुरी पडते. बिजागरी या रिपेवर बसवावयाची आहे. या रिपेमुळे फळीस बाकही येत नाही.

(आ) ३० सेंमी लांबीचे दोन पाय घ्यावेत. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी २५ सेंमी पुरेत. दोहोंत अर्ध्या मीटरचे अंतर ठेवून खालच्या टोकांशी एक आडवी पट्टी ठोकावी व एका पायाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या तळापर्यंत तिरपी पट्टी द्यावी. या पट्ट्या पायांच्या बाहेरच्या बाजूस असाव्यात. आतल्या बाजूस ठोकल्यास पाय फळीखाली सपाट मिटत नाहीत.

(इ) रिपेच्या खालच्या अंगावर बिजागऱ्या लावून पाय जोडावेत. स्क्रू रिपेच्या जाडीहून आखूड असावेत.

(ई) पाय काटकोनाहून किंचित मागे झुकतील इतकी दोरी पायापासून फळीच्या खालच्या बाजूस बांधावी. मेजावर भार आला म्हणजे दोरी ताणली जाते व पाय घसरत नाही.

(उ) पुढची कड मांडी घालून बसलेल्या मुलाच्या मांड्यांवर टेकते. म्हणून ती काचकागदाने गुळगुळीत करावी. वरच्या बाजूस पुढच्या कडेशी एक बारीक पट्टी ठोकल्यास पेन्सिल घरंगळत नाही.

मेज मिटल्यावर त्याची जाडी पाच ते सात सेंमीच राहते. दहा मेजे एकावर एक रचली तरी थर पाऊण मीटरच्या आतच राहतो. दहा मुलांचा गट चित्रे काढीत असता उरलेल्या इयत्तांना दुसरे काम देता येईल.

४. पाठाची मांडणी

पहिला तास, गणित: प्लायवूडचा ताव १२२ × २४४ सेंमी असतो. त्यातून ४५ × ६० सेंमीच्या जास्तीत जास्त किती फळ्या निघतील, हे मुलांनी वहीत आखून शोधावे. फळीची लांब बाजू तावाच्या लांबीकडे ठेवल्यास आठच निघतात. आडवी फिरवल्यास दहा निघतात. काटकसर म्हणजे काय, हे त्यांस येथे आकड्यांतून कळेल.

दुसरा तास, भूमिती: चार पट्ट्यांची चौकट व तीन पट्ट्यांचा त्रिकोण प्रत्येक कोपऱ्यात एकेकच खिळा ठोकून करावा. चौकट दाबताच कलते, त्रिकोण कलत नाही. मेजाच्या पायास तिरपी पट्टी का, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

तिसरा तास, हस्तव्यवसाय: करवत व गिरमिट शिक्षकाने किंवा गावातील सुताराने चालवावे. मापणे, गुण्या लावून खुणा करणे, घासणे व सरस लावणे ही कामे मुलांकडे द्यावीत.

चौथा तास, चित्रकला: प्रत्येकाने एकच तांब्या प्रथम जमिनीवर व नंतर मेजावर कागद ठेवून काढावा आणि दोन्ही चित्रे शेजारी मांडून पाहावीत.

५. समारोप

इटलीतील रचनाकार एन्झो मारी यांनी १९७४ साली साध्या फळ्या व खिळे यांनी कोणासही घरी करता येईल अशा सामानाचे एकोणीस आराखडे लोकांस उपलब्ध करून दिले. कारखानदार व व्यापारी सोडून कोणीही ते वापरावेत, अशी त्यांची भूमिका होती. स्वस्त सामान मिळावे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. स्वतःच्या हाताने वस्तू केली की ती कशी टिकते व कशी मोडते हे माणसास उमगते, असे त्यांस वाटे. आपल्या शाळांतही हीच दृष्टी ठेवावी. विकत आणलेले मेज मोडले तर ते अडगळीत जाते. मुलांनी केलेले मेज मोडले तर कोणता खिळा निसटला हे त्यांस ठाऊक असते, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते.

शिक्षकबंधुभगिनींनी आरंभी एकच मेज करून पाहावे, आपल्या वर्गातील मुलांच्या बैठकीप्रमाणे पायांची उंची ठरवावी व मगच बाकीची मेजे हाती घ्यावीत.