पाहणे आणि पाहिले जाणे

परब्रह्म परमेश्वर श्रीचक्रधर प्रभूंना आपण ‘सर्वज्ञ’ म्हणतो. या नामाचा एक अर्थ साधकाने नित्य ध्यानी धरावा. जीव जे करितो, बोलतो व मनी आणितो, ते सर्व त्यांस ज्ञात आहे. अर्थात जीव हा केवळ पाहणारा नव्हे, तो पाहिला जाणाराही आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. मूर्ती साच्यातून निघते, सुकते, रंगते. परंतु डोळ्यांची आखणी होईपर्यंत तिचे काम अपुरेच. ही आखणी मुरलेल्या हाताकडेच सोपवितात. जवळच्या रोह्यास दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा लोक दर्शनासाठी दारात उभे राहतात. आपल्या पंथात देवतांची उपासना नाही. तरीही यातून मनुष्यस्वभाव ओळखावा : जीवास केवळ पाहून समाधान होत नाही, कोणी आपल्याकडे पाहावे, ही त्याची मूळची ओढ आहे.

ओढ वाईट नव्हे. प्रश्न इतकाच की, ती कोणाच्या दृष्टीकडे वळते?

चार लोक पाहत असता स्मरण लांबते आणि एकान्ती आळस येतो, तर ते स्मरण परमेश्वराचे राहिले नाही, पाहणाऱ्यांचे झाले. उलटपक्षी, आश्रमापासून दूर, परक्या वस्तीत राहणारा वासनिक ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आपला उपदेश लपवितो. एकास दंभ झाला, दुसऱ्यास भय झाले; मूळ मात्र एकच. दोघांनीही लोकदृष्टीस प्रमाण मानिले.

मग पाहावे कसे? याचा आदर्श आपल्या घरातच आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, ते ज्यांनी स्वामींस प्रत्यक्ष पाहिले होते त्यांना विचारून. श्रीनागदेवाचार्यांचे स्मरण त्यास आधारभूत होते. स्वामी कोठे बसले, कोणाशी काय बोलले, हे त्या भक्तांनी प्रेमाने पाहिले व जपले. त्या पाहण्यात दोष शोधण्याची वृत्ती नव्हती, स्वतःस मिरविण्याचीही नव्हती. महदाइसेने जिज्ञासेने प्रश्न विचारिले, म्हणून कित्येक वचने आपणांपर्यंत पोहोचली. असे पाहणे हीही सेवाच होय.

येथे शंका येईल : परमेश्वर सर्व पाहतो, तर सदोष जीवाने भिऊनच राहावे काय? तसे नव्हे. मनुष्य दोष पाहून दूर सारितो. परमेश्वर जीवाच्या उद्धारासाठी अवतार धरितो. ज्याच्यापासून काही लपत नाही, त्याच्यापुढे लपविण्याचे श्रमही उरत नाहीत. म्हणूनच दोष कबूल करून प्रायश्चित्त घेणे शक्य होते. रोग दाखविल्यावाचून औषध कसे मिळेल?

तरी साधकाने रात्री निजण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. आज कोणी पाहत नसता मी कसा वागलो? आणि इतरांकडे पाहताना माझ्या दृष्टीत प्रेम होते की परीक्षा? उत्तर लोकांस सांगण्याची गरज नाही. ते ज्यांस कळावयाचे, त्यांस आधीच कळलेले आहे.

दंडवत प्रणाम.