परसबागेतला कोलियस : फांदी लावण्यापासून भाव ठरवण्यापर्यंत

मैत्रिणींनो, मागे ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी मोबाईल पुढे केला. जांभळी, नारिंगी, पोपटी पानांची गोल झुडपं. "याचं बी मागवू का? गटाला धंदा होईल." ते रोप होतं ह्युकेरा, म्हणजेच कोरल बेल्स. मूळचं उत्तर अमेरिकेतलं, थंड हवेत खुलणारं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते तग धरणं अवघड. शिवाय त्याच्या रंगीत जाती गड्डे फोडून वाढवतात, बियांतून तोच रंग येईल याची खात्री नसते. अशा पाकिटावर गटाचा पैसा घालू नका.

रंगीत पानंच हवीत तर आपल्याकडे कोलियस आहे. हे झाड तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. खोड बोटात धरून बघा, चौकोनी लागेल. आपला पानओवा तर त्याची सख्खी बहीण. पण पानओव्याची भजी करतो म्हणून कोलियसची करायची नाही. हे शोभेचं झाड आहे. कुत्र्या-मांजरांना ते बाधतं, शेळ्यांच्या तोंडालाही लागू देऊ नका.

वेगवेगळ्या रंगांची तीन-चार चांगली रोपं विकत घ्या. हीच तुमची मातृरोपं. यापुढे विकत काही आणायचं नाही, कारण फांदीपासून केलेल्या रोपाला आईचाच रंग येतो. बियांतून मात्र सरमिसळ निघते.

चार-पाच इंचांचा कोवळा शेंडा घ्या. पान फुटतं त्या पेराच्या लगेच खाली धारदार ब्लेडने कापा. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा. पानं मोठी असतील तर अर्धी कापली तरी चालतात, म्हणजे फांदी कोमेजत नाही. काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवली तरी आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. पाणी दोन दिवसांनी बदला. विक्रीसाठी मात्र सरळ मातीतच लावा, पाण्यातली मुळं नाजूक असतात. माती, वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घ्या. ताजं शेण नको. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चालतात.

पिशवीला खाली चार भोकं पाडा. हे लिहितानाही मला माझी पहिली चाळीस रोपं आठवतात. भोकं पाडायचा कंटाळा केला, वर श्रावणाची झड, आणि मी रोज सकाळी हौसेने तांब्याभर पाणी घालत होते. आठवड्यात बुडखे काळे पडून रोपं आडवी झाली. पान मलूल दिसलं की आपण पाणीच घालतो, पण मूळ सडलं तरी पान मलूलच दिसतं. म्हणून आधी बोट मातीत पेरभर खुपसा. ओल लागली तर तांब्या परत ठेवा.

जागा अशी की सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. शेवग्याखाली, पडवीच्या कडेला किंवा झावळ्यांच्या मांडवाखाली छान येतं. कडक उन्हात रंग फिके पडून पानं करपतात. अगदी अंधारात रोप लांबट, किडकिडीत होतं. पावसाळ्यात पिशव्या वळचणीच्या धारेखाली ठेवू नका.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. पंधरा दिवसांनी पुन्हा खुडा. प्रत्येक खुडीला बाजूने दोन फांद्या फुटतात, आणि खुडलेला शेंडा म्हणजे नवं रोप. तुळशीची मंजिरी आपण काढतो, तसाच याचा तुराही दिसला की काढायचा. तुरा राहिला की पानांची वाढ मंदावते.

पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसा. जास्त असेल तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून किंचित साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. ते रोप बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आता पैशाचं बोलू. इथेच आपण फसतो. समजा तुम्ही ५० पिशव्या भरल्या. खत १५० रुपये, पिशव्या ५०, मातृरोपं ९०. खर्च २९०. त्यातली ४० रोपं विकण्याजोगी झाली आणि १५ रुपयांना गेली. हातात ६००, नफा ३१०. छान वाटतं ना? पण ४५ दिवस रोज अर्धा तास तुम्ही राबलात, म्हणजे साडेबावीस तास. तासाला १४ रुपयेसुद्धा पडले नाहीत. आठ तासांची मजुरी ३०० धरली तर तुमच्या कामाचे साधारण ८४५ होतात. ते धरून एक रोप तुम्हाला २८ रुपयांच्या वर पडलं. म्हणजे १५ ला विकताना प्रत्येक रोपामागे १३ रुपये तुम्ही पदरचे दिले. आकडे तुमच्या गावचे घाला, पण श्रमाची ओळ वहीत हवीच.

यावर वाट आहे ती एकत्र करण्याची. चौघींनी मिळून एकाच मांडवात २०० पिशव्या केल्या तर वेळ चौपट लागत नाही. रोज तासाभरात होतं, मातृरोपंही तीच पुरतात. वरचाच हिशेब मांडला तर १६० विकाऊ रोपांमागे प्रत्येकी खर्च श्रमासकट १६ रुपयांच्या आसपास येतो. मग २५ ला विकायला हरकत नाही. पाण्याची पाळी मात्र वहीत नावानिशी लिहा, नाहीतर चौघी पाणी घालतात किंवा एकही घालत नाही.

विक्रीला बसलात की गिऱ्हाईक सगळ्यात देखणं रोप आधी मागतं. ते बहुतेक तुमचं मातृरोप असतं. ते बाजारात नेऊच नका.